खिशातलं जुनं घड्याळ पारखताना: चावी सगळ्यात शेवटी

जुनं पॉकेट वॉच हातात आलं की बहुतेक जण आधी त्याला चावी देतात, कानाला लावतात आणि टिकटिक ऐकू आली की खूश होतात. नेमकं इथेच चुकतं. घड्याळ चालतंय एवढ्यावरून ते अस्सल आहे की नाही, दुर्मीळ आहे की नाही, यातलं काहीच कळत नाही. उलट आतलं तेल सुकून चिकट झालेलं असेल, तर त्या अवस्थेत मशीन फिरवल्याने शंभर-दीडशे वर्षं टिकलेले भाग झिजायला लागतात. आणि एकदा का घड्याळ चालू लागलं, की बाकीची तपासणी करायचा धीर कुणालाच राहत नाही.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. आधी बाहेरून पाहायचं, मग उघडायचं, मशीन वाचायचं, मशीन आणि केस एकमेकांचे आहेत का ते ताडायचं, आणि त्यानंतर चावी. हा क्रम उलटा झाला की संग्राहक हमखास फसतो.

शब्दांबद्दल थोडं. आतल्या सगळ्या यंत्रणेला मी मशीन म्हणतो आणि बाहेरच्या धातूच्या डबीला केस. वरच्या फिरवायच्या गोल बोंडाला मुंडी, आणि वेगळी लावून फिरवायची ती किल्ली.

तयारी

पहिली तयारी आवाका ठरवण्याची. अमेरिकन रेल्वेची घड्याळं, इंग्लिश फ्युझी (शंकू आणि साखळीने चालणारी), स्विस रिपीटर (ठोके देऊन वेळ सांगणारी) अशा प्रत्येक प्रकारात अस्सलपणाचे पुरावे वेगळे असतात. अमेरिकन घड्याळात मशीनचा आणि केसचा क्रमांक वेगवेगळा असणं अगदी स्वाभाविक आहे, तर इंग्लिश घड्याळात तीच गोष्ट संशयाची ठरते. सगळं एकदम शिकायला गेलं की हे नियम एकमेकांत मिसळतात. निदान पहिलं वर्ष एकच प्रकार धरा आणि त्यातली साधी, भरपूर सापडणारी घड्याळं उघडून पाहा. सामान्य घड्याळ कसं दिसतं ते डोळ्यांत बसलं नसेल, तर दुर्मीळ घड्याळ समोर येऊनही ओळखू येणार नाही.

साहित्य फार लागत नाही:

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- छोटा टॉर्च आणि जमल्यास अल्ट्राव्हायोलेट टॉर्च
- केस उघडायची बोथट, पातळ पात्याची सुरी
- व्हर्नियर कॅलिपर
- साधं होकायंत्र
- कडा असलेला ट्रे आणि त्यात अंथरायला सुती कापड
- वही आणि फोनचा कॅमेरा

ट्रेकडे दुर्लक्ष करू नका. मशीन केसमध्ये धरून ठेवणारा स्क्रू निसटून जमिनीवर पडला की तो परत मिळत नाही, आणि त्याच मापाचा दुसरा शोधण्यात महिने जातात.

टप्पा १: न उघडता पाहणं

सुरुवात तबकडीपासून करा. जुन्या चांगल्या तबकड्या तांब्याच्या पत्र्यावर चढवलेल्या पांढऱ्या मिन्याच्या असतात. टॉर्च समोरून मारू नका, जवळजवळ तबकडीला समांतर धरा. समोरून निर्दोष दिसणाऱ्या तबकडीवर डोक्याच्या केसाएवढ्या बारीक भेगा अशा तिरक्या उजेडात उठून दिसतात. भेगा असणं हा मोठा दोष नाही, त्या लपवणं हा दोष आहे. विकण्याआधी तबकडी ब्लीच करून भेगांतला काळेपणा घालवतात, टवके उडालेल्या जागी लेप भरतात. भरलेला लेप किंवा गोंद अल्ट्राव्हायोलेट उजेडात बहुतेक वेळा आजूबाजूच्या मिन्यापेक्षा वेगळा चमकतो.

नंतर काटे. मिनिटाचा काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे आणि तासाचा काटा आकड्यांच्या आतल्या कडेपर्यंत. एखादा आखूड पडत असेल किंवा दोघांची घडण जुळत नसेल, तर निदान एक तरी बदललेला आहे.

आता मुंडी कुठे आहे ते पाहा. उघड्या तोंडाच्या, म्हणजे समोर झाकण नसलेल्या घड्याळात मुंडी १२ च्या आकड्यावर असते आणि सेकंदाची छोटी तबकडी ६ वर. झाकणाच्या म्हणजे हंटर घड्याळात मुंडी ३ वर असते. समोर झाकण नाही आणि तरीही मुंडी ३ वर आहे, असं दिसलं तर हंटरचं मशीन उघड्या केसमध्ये बसवलेलं आहे. काही घड्याळं नवी असतानाच अशी विकली गेली होती, पण बहुतेकदा हे नंतरचं जोडकाम असतं. वहीत खूण करून ठेवा, टप्पा ४ मध्ये उपयोगी पडेल.

सावधान: काट्यांवर किंवा आकड्यांवर पिवळट-तपकिरी, खरबरीत लेप दिसला तर काच उघडू नका आणि तो लेप खरवडू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी रेडियम वापरत. चमक गेली म्हणजे धोका गेला असं नाही. चमकणारं रसायन निकामी होतं, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. त्याची भुकटी नाकातोंडात जाणं घातक आहे.

हंटर घड्याळ असेल तर ते बंद करण्याची रीत आत्ताच शिकून घ्या. मुंडी दाबून धरायची, झाकण टेकवायचं, मग मुंडी सोडायची. टक्कन आवाज करत बंद केलं की कडेचा ओठ झिजतो आणि काही वर्षांत झाकण बसेनासं होतं.

टप्पा २: केस उघडणं

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यात होतं. मी स्वतः सुरुवातीला एका अमेरिकन घड्याळाचं मागचं झाकण सुरीने उचकटायला गेलो आणि पात्याचा ओरखडा पाठीवर कायमचा उठवला. त्या केसला मागचं झाकणच नव्हतं, मशीन पुढून बाहेर येत होतं. तेव्हापासून मी सुरी सगळ्यात शेवटी काढतो.

आधी भिंगातून पूर्ण कड फिरवून पाहा, मग या क्रमाने जा.

१. स्क्रूची केस. कडेला बिजागरी नाही आणि ओठही नाही, तर झाकण आट्यांचं असण्याची शक्यता जास्त. घड्याळ तळहातावर पालथं ठेवा, दुसऱ्या हाताचा तळवा पाठीवर सपाट दाबा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. घसरत असेल तर रबरी हातमोजा घाला. पक्कड कधीच नाही.

२. पुढून उघडणारी केस. पुढची काचेची कडी आट्यांची असते, पाठ मात्र एकसंध. कडी काढायची, मुंडी हलकेच वर ओढायची आणि ६ च्या बाजूने मशीन उचलायचं. ते १२ जवळच्या बिजागरीवर दारासारखं बाहेर येतं. मुंडी ओढायची राहिली तर मशीन अडतं, आणि जोर केला तर मुंडीची दांडी वाकते.

३. बिजागरीची केस. कुठेतरी नखाएवढा ओठ सापडेल. तिथेच सुरीचं पातं आडवं घालून किंचित पिळा, उचकटू नका. मागचं झाकण उघडल्यावर आत बऱ्याचदा आणखी एक झाकण असतं. धूळ आत जाऊ नये म्हणून ते असतं आणि त्याला स्वतःचा ओठ असतो.

४. जुनं इंग्लिश घड्याळ. मागे उघडल्यावर फक्त किल्लीचं भोक दिसतं, मशीन दिसतच नाही. मशीन पुढून पाहायचं असतं. काचेची कडी उघडा, तबकडीच्या ६ जवळच्या कडेला पोलादी खटका दिसेल, तो नखाने आत दाबा आणि मशीन १२ च्या बिजागरीवर उचला. दुहेरी केस असेल तर आधी बाहेरची केस उघडून आतलं घड्याळ वेगळं काढायचं.

दुहेरी केसच्या मध्ये कागदाची गोल चकती सापडली तर ती जपा. दुरुस्ती करणारे आपलं नाव-पत्ता छापलेल्या अशा चकत्या आत ठेवत आणि काही वेळा मागे तारीखही लिहीत. घड्याळाचा प्रवास सांगणारा हा कागद अनेक जण कचरा समजून टाकून देतात.

तपासा: या चार प्रकारांपैकी आपल्या हातातली केस कोणती, हे नक्की सांगता येत नसेल तर थांबा. न उघडलेलं घड्याळ परत करता येतं. ओरखडा पडला की तेच घड्याळ आपल्या गळ्यात पडतं.

टप्पा ३: मशीन वाचणं

संपूर्ण तपासणीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मशीनवर कोरलेलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक आकडा वहीत उतरवा, आणि फोटो काढा. फोटो एक सरळ वरून, एक बाजूने.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: लोक केसच्या झाकणावरचा क्रमांक घेऊन तक्त्यात शोधतात. वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन, इलिनॉय या अमेरिकन कंपन्यांचे क्रमांकांचे तक्ते मशीनचे आहेत. केस बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीने बनवलेली असायची, गिऱ्हाईक दुकानात मशीन आणि केस वेगवेगळी निवडायचं. केसचा क्रमांक एल्जिनच्या तक्त्यात घातला तर कुठलं तरी साल मिळतंच, आणि ते धडधडीत चुकीचं असतं.

मशीनच्या क्रमांकावरून मॉडेल, ग्रेड (मशीनची प्रत) आणि साधारण साल कळतं. साधारण म्हणण्याचं कारण असं की क्रमांक गठ्ठ्याने आधीच वाटून दिलेले असत. एका वर्षाचा फरक असला म्हणून विक्रेता खोटं बोलतोय असं समजू नका.

माप कॅलिपरने घ्या, पण केसचं नव्हे, तबकडीखालच्या मशीनच्या प्लेटचं. अमेरिकन १६ साइझ म्हणजे ४३.२ मिलिमीटर, १८ साइझ म्हणजे ४४.९ मिलिमीटर, १२ साइझ म्हणजे ३९.८ मिलिमीटर. स्विस मोजमाप लिन्यमध्ये असतं, एक लिन्य म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर. सांगितलेला ग्रेड आणि मोजलेलं माप जुळलं नाही, तर दोन्हीतलं एक खोटं आहे.

आता मशीनच्या चालीचा प्रकार ओळखायचा, कारण नाव कोरता येतं, चाल कोरता येत नाही. दोन प्लेटांच्या मधून बाजूने टॉर्च मारा. शंकूसारखा, चक्री खाचा असलेला भाग आणि त्यावर गुंडाळलेली, सायकलच्या साखळीची इवलीशी प्रतिकृती वाटावी अशी पोलादी साखळी दिसली तर ते फ्युझी. बॅलन्सचं, म्हणजे मागे-पुढे डुलणारं चाक आणि दात्यांचं एस्केप चाक यांच्या मध्ये काट्यासारखा दुबेळका भाग दिसत असेल तर ते लिव्हर. इंग्लिश लिव्हरमधल्या एस्केप चाकाचे दाते टोकदार असतात, स्विस लिव्हरमधले टोकाशी रुंद, बोथट. दुबेळकं नसेल आणि एस्केप चाकाचे दाते खुंटीवर उभे केल्यासारखे वर आलेले असतील, तर ते सिलिंडर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली सिलिंडरची घड्याळं अमाप बनली. केस कितीही नक्षीदार असली तरी अशा मशीनला दुर्मीळ म्हणून जास्तीची किंमत देऊ नका.

आतल्या झाकणावर फ्रेंचमध्ये लांबलचक मजकूर आणि पदकांची चित्रं असतील तर भुलू नका. तिथे चालीचा प्रकार, ज्वेलची (आसांची टोकं ज्यांत फिरतात त्या खड्यांची) संख्या एवढंच लिहिलेलं असतं. पदकं प्रदर्शनांतली, आणि ती याच घड्याळाला मिळाली असं बिलकूल नाही. लिहिलेले ज्वेल भिंगातून प्रत्यक्ष मोजून घ्या. तसंच बॅलन्सच्या चाकाकडे पाहा. तापमानाचा परिणाम भरून काढणारं खरं चाक बाहेरून पितळेचं, आतून पोलादाचं असतं आणि त्याची कड दोन ठिकाणी कापलेली असते. स्वस्त घड्याळांत नुसते कडेने स्क्रू लावून तसा देखावा केलेला असतो, कड मात्र अखंड.

इंग्लिश घड्याळावरचं नाव बऱ्याचदा दुकानदाराचं असतं, बनवणाऱ्याचं नव्हे. आणि 'लंडन' असं कोरलेलं प्रत्येक घड्याळ लंडनचं नसतं. अठराव्या शतकात युरोपच्या मुख्य भूमीवर लंडनचं नाव घालून स्वस्त घड्याळं बनत. ती ओळखायच्या दोन खुणा अशा: तबकडीवर मिनिटांची पट्टी कमानी-कमानींची असते, आणि बॅलन्स झाकणारा नक्षीदार भाग दोन पायांवर पुलासारखा बसवलेला असतो. अस्सल इंग्लिश घड्याळात तो एकाच पायावर असतो.

टप्पा ४: केस आणि मशीन एकमेकांचे आहेत का

दुर्मीळ घड्याळाची किंमत इथे ठरते. सोन्याच्या असंख्य केस वितळवल्या गेल्या आणि त्यांतली मशीनं पोरकी झाली. ती मिळेल त्या केसमध्ये बसवली जातात. असं जोडकाम वापरायला वाईट नसतं, पण मूळ म्हणून विकलं तर ती फसवणूक आहे.

अमेरिकन घड्याळात क्रमांक जुळणार नाहीत, म्हणून दुसरा पुरावा शोधायचा. मशीन केसमध्ये धरून ठेवणारे दोन स्क्रू असतात. त्यांची डोकी केसच्या आतल्या कडेवर दाबून बसतात आणि तिथे चंद्रकोरीसारखी खूण उमटते. मशीन हलकेच बाजूला करून ती कड भिंगाखाली फिरवा. आत्ताच्या स्क्रूच्या जागी एकच जोडी असेल तर उत्तम. भलत्याच जागी आणखी एक जोडी दिसली तर या केसमध्ये आधी दुसरं मशीन होतं. मी या दोन चंद्रकोरींवर विक्रेत्याच्या कुठल्याही कहाणीपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

इंग्लिश घड्याळात केसवर बहुधा मशीनचाच क्रमांक मारलेला असतो, आणि दुहेरी केसच्या दोन्ही भागांवर तेच शिक्के (धातूची शुद्धता तपासल्याच्या अधिकृत खुणा) हवेत. शिक्के वाचताना ही घाई टाळा: नुसतं अक्षर पाहून साल ठरवू नका. आधी शहर ओळखा. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, तीन पेंढ्या आणि तलवार म्हणजे चेस्टर. प्रत्येक शहराची सालाच्या अक्षरांची मालिका वेगळी आणि तेच अक्षर दर काही वर्षांनी परत येतं. म्हणून अक्षराची घडण आणि भोवतालच्या ढालीचा आकार, दोन्ही तक्त्याशी जुळले पाहिजेत. चालणारा सिंह म्हणजे इंग्लिश स्टर्लिंग चांदी. १९०७ पासून ब्रिटनमध्ये आयात केसवर वेगळे शिक्के मारत, त्यामुळे तसा शिक्का असलेली केस इंग्लिश बनावटीची नाही.

स्विस केसवर १८८० च्या कायद्यानंतर ठरावीक चित्रं येतात: स्त्रीचं डोकं म्हणजे १८ कॅरेट सोनं, खार म्हणजे १४ कॅरेट, अस्वल म्हणजे ०.८७५ शुद्धतेची चांदी, ग्राउज पक्षी म्हणजे ०.८००.

सावधान: केसवर '१४ के' च्या जोडीला २० किंवा २५ वर्षांची गॅरंटी कोरलेली असेल तर ती भरीव सोन्याची नाही. मधल्या धातूवर सोन्याचा पत्रा चढवलेला आहे आणि तो किती वर्षं झिजणार नाही याची ती हमी आहे. कडी, मुंडी आणि बिजागरीपाशी पिवळं-तांबूस पितळ डोकावतंय का पाहा. 'सिल्व्हरॉइड' आणि 'सिल्व्हरीन' या नावांच्या मिश्रधातूंत चांदी नसते.

तबकडीचाही मेळ बसवा. तबकडीला मागे तांब्याचे छोटे पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. पाय कापून तबकडी चिकटवलेली असेल तर ती दुसऱ्या घड्याळाची आहे. हे तपासायला काटे काढावे लागतात, म्हणून ते काम घड्याळजीकडूनच करून घ्या.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं आणि आकडे दिसतील. त्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या खुणा आहेत. त्या पुसण्यासाठी पॉलिश करू नका. चार पिढ्यांनी हे घड्याळ पुन्हापुन्हा उघडून सांभाळल्याचा पुरावा आहे तो.

टप्पा ५: आता चावी

चावी देण्याआधी बॅलन्स पाहा. घड्याळ हातात धरून हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. चाक मोकळं डुललं पाहिजे आणि सपाट पातळीत राहिलं पाहिजे. एका बाजूला कललेलं दिसलं तर बॅलन्सच्या आसाचं टोक तुटलेलं आहे. हेअरस्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्सच्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगवर, गंजाचा एक ठिपकाही नको.

तपासा: पुढे घड्याळ चालू झालं की होकायंत्र मशीनजवळ आणा. चालू घड्याळाजवळ सुई थरथरत असेल तर पोलादी भागांत चुंबकत्व शिरलंय. असं घड्याळ बहुधा भरभर पुढे जातं. ते घालवणं सोपं असतं, म्हणून घाबरू नका, फक्त नोंद करा.

मुंडीचं घड्याळ असेल तर चार-पाच पीळ द्या, पूर्ण नाही. किल्लीचं असेल तर किल्ली चौकोनात घट्ट आणि पूर्ण बसली पाहिजे. सैल किल्लीने चौकोनाचे कोपरे गोल होतात. अनेक इंग्लिश फ्युझी घड्याळांना काट्यांच्या उलट दिशेने चावी देतात. कधी दिशा दाखवणारा बाण कोरलेला असतो. नसेल तर अगदी हलक्या हाताने दोन्हीकडे चाचपून पाहा, चुकीच्या दिशेला ते लगेच अडतं. अडलं की तिथेच थांबा. फ्युझीत शेवटी अडवणारा खटका असतो. तिथे पोचल्यावरही जोर लावला तर साखळी तुटते.

काटे फिरवण्याच्या तीन रीती आहेत. मुंडी ओढली की काटे फिरतात ही नेहमीची. काही स्विस घड्याळांत मुंडीशेजारी बारीक खुंटी असते, ती नखाने दाबून धरायची. आणि अमेरिकन रेल्वेच्या घड्याळांत काचेची कडी काढून तबकडीच्या कडेची छोटी पट्टी बाहेर ओढायची, काटे लावायचे, पट्टी परत आत सारायची. ही पट्टी माहीत नसल्याने लोक मुंडी ओढत बसतात आणि ती उपटून हातात येते.

रिपीटर असेल, म्हणजे सरकपट्टी दाबल्यावर वेळ वाजवणारं घड्याळ, तर पट्टी शेवटपर्यंत न्या आणि सोडा. अर्ध्यावर सोडू नका, आणि ठोके वाजत असताना काट्यांना हात लावू नका.

आता ऐका. बहुतेक लिव्हर घड्याळं तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला ५. पण अनेक जुन्या इंग्लिश लिव्हरची चाल १४,४०० ची, सेकंदाला ४. ती संथ टिकटिक ऐकून मशीन थकलंय असं समजू नका. घड्याळ तबकडी वर, तबकडी खाली आणि मुंडी वर अशा तिन्ही स्थितींत मिनिटभर धरा. एका स्थितीत थांबलं तर दुरुस्तीचं काम आहे.

'जास्त चावी दिल्यामुळे बंद पडलंय, बाकी काही नाही,' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. चावी पूर्ण दिल्याने धड घड्याळ बंद पडत नाही. पूर्ण चावी असूनही चालत नाही याचा अर्थ मशीन घाणीने अडलंय किंवा मोडलंय.

टप्पा ६: दुर्मीळ की नुसतं जुनं

वयावरून काहीच ठरत नाही. हॅमिल्टन ९९२ हे उत्तम घड्याळ आहे: १६ साइझ, २१ ज्वेल. पण ते लाखोंनी बनलं. त्याच कारखान्याची २३ ज्वेलची ९५० त्यामानाने कितीतरी कमी सापडतात. म्हणून 'कोणती कंपनी' हा प्रश्न अपुरा आहे. कोणता ग्रेड, त्या ग्रेडची किती बनली आणि त्यातली मूळ स्थितीत किती उरली, हे शोधायचं.

'रेल्वेचं घड्याळ' हा सर्वांत जास्त गैरवापर होणारा शब्द. १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टन इथे झालेल्या रेल्वे अपघातानंतर वेब बॉल या जवाहिऱ्यांच्या देखरेखीखाली जे निकष रूढ होत गेले, त्यांत उघडं तोंड, १८ किंवा १६ साइझ, निदान १७ ज्वेल, ५ स्थितींत (आडवं, उभं असं वेगवेगळं धरून) जुळवलेली चाल आणि आठवड्याला ३० सेकंदांच्या आतली चूक या अटी होत्या. झाकणावर आगगाडीचं इंजिन कोरलंय म्हणून कुठलंही घड्याळ रेल्वेचं होत नाही.

नाव जितकं मोठं तितका संशय जास्त. ब्रेगे या नामांकित घड्याळकारांच्या नावाची खोटी घड्याळं त्यांच्या हयातीतच बाजारात आली. म्हणून ते सुमारे १७९५ पासून १२ च्या आकड्याजवळ, फक्त तिरक्या उजेडात दिसेल अशी गुप्त सही तबकडीवर कोरवून घेत. पातेक फिलिपसारख्या कंपन्या स्वतःच्या दप्तरातून उतारा देतात. त्यात मशीनचा आणि केसचा क्रमांक, धातू आणि विक्रीची तारीख येते. महागडी खरेदी ठरवण्याआधी उतारा मागवा, नंतर नाही. तसंच घड्याळासोबत इंग्लंडमधल्या क्यू वेधशाळेचं चाचणी प्रमाणपत्र दिलं जात असेल तर त्यावरचा क्रमांक मशीनशी ताडून पाहा. कागद अस्सल आणि घड्याळ दुसरंच, असंही होतं.

टप्पा ७: फोटोवरून घेताना

घड्याळ हातात न घेता विकत घ्यायचं असेल तर हे फोटो मागा: तबकडी तिरक्या उजेडात, मशीन सरळ वरून, मशीनची बाजू, दोन्ही झाकणांची आतली बाजू आणि केसची आतली कड. मशीनचा फोटो द्यायला विक्रेता कां-कू करत असेल तर तो व्यवहार सोडा, कितीही मोह झाला तरी. 'उघडता येत नाही' हे कारण मी आता स्वीकारत नाही.

'नुसतं साफ करायचंय' असं म्हणत विकलेलं बंद घड्याळ तुटक्या घड्याळाच्या किमतीलाच घ्या. साफ करून चाललं असतं तर त्याने ते आधीच करून घेतलं असतं.

बाहेरच्या केसवर कासवाच्या पाठीचं आवरण असेल तर देशाबाहेरून मागवण्याआधी चौकशी करा. ज्याच्या पाठीचं हे आवरण असतं ते हॉक्सबिल कासव सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि परवान्याशिवाय आलेली वस्तू सीमेवर जप्त होऊ शकते.

टप्पा ८: घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी पॉलिश नाही, चावी नाही. आधी नोंद: मशीनचा क्रमांक, केसचा क्रमांक, शिक्के, मापं, फोटो, कुणाकडून आणि कधी घेतलं. चोरी झाली तर घड्याळ आपलं आहे हे सांगणारी एवढीच गोष्ट हातात असते.

मग घड्याळजीकडे पूर्ण सफाई आणि तेल. देताना स्पष्ट सांगा की काढलेला प्रत्येक जुना भाग मला परत हवा, मोडका असला तरी. मी एकदा हे सांगायला विसरलो आणि मूळ निळ्या पोलादी काट्यांच्या जागी नवे चकचकीत काटे लावून घड्याळ परत आलं. जुने काटे तोवर फेकून दिलेले होते.

चांदीचा काळपटपणा राहू द्या. दर पॉलिशला कोरीव काम आणि शिक्के थोडे थोडे पुसले जातात, आणि पुसट शिक्क्याची केस पुराव्याच्या कामाची राहत नाही.

ठेवताना फोम, रबर आणि ओक लाकूड टाळा. यातून निघणारे वायू धातू खातात. सुती कापड, आम्ल नसलेला कागद, सोबत सिलिका जेलची पुडी पुरे. फोनच्या चुंबकी झाकणाजवळ तर मुळीच नको.

आणि काच नीट पाहा. काच पिवळी पडलेली, हलकी, नख मारल्यावर प्लॅस्टिकसारखी वाजणारी असेल तर ती सेल्युलॉइडची आहे. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि बंद कडीच्या आत तिने काटे गंजतात. पिवळ्या काचेखाली तांबूस, खरबरीत झालेले काटे दिसले तर कारण बहुधा हेच असतं. अशी काच त्याच आठवड्यात काढून घ्या, मापाची खरी काच बसवा, आणि जुनी काच ठेवायचीच असेल तर बाकीच्या घड्याळांपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवा.